आवणीला विटाळ नसतो

मामीचा फोन आला की सुरुवातीला नुसता वारा ऐकू येतो. तिच्या वाडीत घरात रेंज नसते. देवराईच्या कडेच्या टेपाडावर चढून, पदर डोक्याला घट्ट धरून ती बोलते आणि वाऱ्याला हरवायचं म्हणून ओरडूनच बोलते. "रोप आलंय आवणीला! येती का गं?" मी मंचरला, माझ्या भाड्याच्या खोलीत. खाली टोमॅटोचे क्रेट लादलेले टेम्पो हॉर्न वाजवत उभे. "येते की!" मीही ओरडले. मग तिचा आवाज एकदम खाली आला. टेपाडावर ऐकायला गुरांशिवाय कुणी नसणार, तरी खाली आला. "आन् येताना वाती आण. रोहिणीला बी पायजेत."

वाती म्हणजे समईच्या नव्हेत. मामी टॅम्पॉनला वात म्हणते. पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून म्हणते.

फोन ठेवला आणि खोलीत चिखलाचा वास आला. खरंच आला. आवणीचा चिखल इतर कुठल्याच चिखलासारखा नसतो. राबात वाढलेलं भाताचं रोप उपटायचं, त्याच्या मुठी बांधायच्या आणि नांगरून, पाणी कोंडून लोण्यासारख्या केलेल्या खाचरात ते एकेक काडी करून लावत मागे मागे सरकायचं, ही आवणी. त्या चिखलात शेण असतं, कुजलेला पाला असतो, खेकड्यांची बिळं असतात. पाय पोटरीपर्यंत आत जातो तेव्हा वर थंड आणि तळाशी कोमट लागतं. पाठीवर इरलं. बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं, होडी उपडी घातल्यासारखं. त्याच्यावर पाऊस वाजत राहतो आणि आत आपलाच श्वास ऐकू येतो. आहुप्याकडचं धुकं असं की शेजारची बाई नाहीशी होते, फक्त तिच्या बांगड्या उरतात.

मी तिथली नाही, म्हणजे अर्धीच तिथली. आई त्या डोंगरातली, बाबा राजुरीचे. दोघं एका मोर्चात भेटले आणि मोर्चातल्यासारखंच लग्न केलं, हार आणि घोषणा. आमच्या राजुरीच्या घरात खाटेखाली कांदे नसायचे, पत्रकांचे गठ्ठे असायचे. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, धरणग्रस्तांसाठी, अंधश्रद्धेविरुद्ध. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. शुद्धलेखन त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. त्यामुळे माझ्या भाषेत अजूनही उद्गारचिन्हं जरा जास्त पडतात, आणि मला त्याची लाज वाटत नाही. "पाळी हा विटाळ नाही, निसर्ग आहे!" हे वाक्य मला पाळी येण्याच्या कितीतरी आधी पाठ होतं. आई गावोगाव तक्त्यांचं प्रदर्शन लावायची. गर्भाशयाचा मोठा रंगीत तक्ता धरून उभं राहण्याचं काम माझं होतं. इतकी वर्षं मी तो तक्ता छातीशी धरला. स्वतःच्या शरीराकडे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. हे मला कळलं ते आवणीत.

आमच्या घरी विटाळ नव्हताच. मामीच्या वाडीत होता. पाळी आली की बाई पडवीत, तिचं ताट वेगळं, चुलीला आणि पाण्याला हात नाही. पण आवणीत एक चमत्कार व्हायचा. पहिली मूठ खाचरात पडली की विटाळ उठायचा. "आवणीला इटाळ नसतो," असा वाडीचा नियमच. शेवटचं खाचर होईपर्यंत पाळीतल्या बाईनं सगळं करायचं: रोपं उपटायची, लावायची, भाकरी भाजायची, घागरी आणायच्या. आवणी आटोपली की त्याच संध्याकाळपासून पडवी. मी लहानपणी हे ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या. मोठी झाल्यावर डोकं तापलं. म्हणजे देवाला चालतं, चुलीला चालतं, पाण्यालाही चालतं, फक्त भाताला बाई हवी असली पाहिजे! बारा महिने अपवित्र असलेलं रक्त आषाढात कामापुरतं पवित्र होतं. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पत्रक मी त्या एका नियमावर लिहू शकेन.

पण त्या नियमाचा आणखी एक अर्थ होता आणि तो पत्रकांत कुठेच नव्हता. पाळी चालू असताना दिवसभर पोटरीभर पाण्यात वाकायचं. बायका जुन्या लुगड्याच्या घड्या बांधायच्या. पाऊस वरून, चिखल खालून. घडी तासाभरात चिंब. मग ओल्या कापडानं मांड्या सोलवटायच्या आणि रात्री चुलीपुढे बायका बोटांमधल्या चिखल्यांना हळद लावायच्या. मांड्यांबद्दल मात्र कुणी बोलायचं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी पॅड लावून खाचरात उतरले. पॅड म्हणजे पाणी पिणारी वस्तू. तिनं आपलं काम चोख केलं, सगळं खाचर प्यायली. दुपारच्या आधीच मी बांधावर बसले. ओळीतून हसू आलं. "कालेज बसलं गं खाली!" ठकूमावशी ओरडली. ठकूमावशी शेजारच्या घरची, वाडीत आवणीच्या ओळीची म्होरकी. ओळ कुठून धरायची, कधी सोडायची, हे ती ठरवायची. जेवताना मी तिला हळूच विचारलं, तुम्ही कसं करता? ती भाकरी चावत म्हणाली, "काय करायचंय? पान्यात जातं. पानी कुणाला सांगतंय?"

त्या वर्षी बसले ते चाललं, कारण मामी ओळीत होती. पुढच्या वर्षी मामी बांधावरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. वाडीत आवणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. ज्या घरची बाई दुसऱ्यांच्या चिखलात उभी राहिली, त्याच घराच्या खाचरात ओळ उतरते. बाईला बाई, औताला औत. मामा औत धरायचा, पण तो मामीच्या जागी चालायचा नाही. मामीची मुलं अजून शाळेत. मग मामीच्या घरची बाई मी. मामीचं खाचर शेवटच्या दिवशी होतं. तोवर मी एक दिवस जरी ओळ सोडली, तरी कुणी भांडलं नसतं. नुसतं त्या दिवशी कुणाला तरी दुसरं काम निघालं असतं, आणि रोप राबातच पिवळं पडलं असतं. वर्षाचा भात होता तो. मामी हे बोलली नाही. ती माझ्या पायांकडे बघायची, थकलेत का म्हणून.

आणि माझी पाळी नेमकी तेव्हाच येणार होती.

हॉस्टेलवरची माझी रूममेट कॉलेजच्या पोहण्याच्या टीममध्ये होती. निघताना तिनं माझ्या पिशवीत एक लहान डबी टाकली. "पोहताना चालतं तर चिखलात का नाही?" म्हणाली. ओळीचं काम आटोपून आलेल्या एका संध्याकाळी, उजेड असताना, पोटात ओळखीची कळ आली. मी डबी घेऊन न्हाणीत शिरले. मामीची न्हाणी म्हणजे तीन बाजूंना कुडाच्या भिंती आणि चौथ्या बाजूला गोणपाट. मामी बाहेर राखणीला.

"बघू तरी काय हाये," ती म्हणाली. मी गोणपाटातून एक बाहेर दिला. तिनं डाव्या हातात धरून कागद दातांनी सोडवला. "अगं, ही तर वात! ह्याला दोरा कशाला?"

"ओढून काढायला."

"कुठनं?"

मी सांगितलं. बाहेर कोंबडं फडफडलं तेवढंच. "आत हारपली तर?"

"हारपायला आत वाटच नाही मामी. पुढं गर्भाशयाचं तोंड असतं, ते मिटलेलं. रक्त येण्यापुरतंच उघडं."

"तुला कुनी सांगितलं?"

"तक्त्यावर आहे."

डबीतल्या घडीच्या कागदावर कितीतरी भाषा होत्या, माझी नव्हती. चित्र होतं, पण मी ते नीट बघितलंच नाही, कारण मला तक्ता पाठ होता. तक्त्यावर योनी उभी सरळ असते, विहिरीसारखी. म्हणून मी सरळ वर ढकललं. अडलं. दुखलं. पुन्हा ढकललं, पुन्हा अडलं. डोळ्यात पाणी आलं आणि पहिल्यांदाच भीती वाटली की माझ्यातच काहीतरी कमी आहे, मी बंद आहे. अर्धा आत, अर्धा बाहेर असा तो घेऊन मी उभी राहिले आणि एक पाऊल टाकलं. कणीस अडकवून चालावं तसं वाटलं.

"झालं का गं?"

"नाही. मला वाट सापडंना."

"आता काय सांगायचं! माझी सगळी पोरं तिथनंच बाहेर आली आन् हिला वाट सापडंना!" मामी एवढी हसली की तिचा प्लास्टरचा हात कुडावर आपटला आणि मग ती हाय हाय करत बसली. मीही हसले. हसल्यावर अंग सैल पडलं. मग मी तो कागद पुन्हा उघडला आणि चित्र नीट पाहिलं. त्यात बाईला बाजूनं कापून दाखवली होती. ती वाट सरळ वर जातच नव्हती. तिरकी जात होती, मागे, माकडहाडाच्या दिशेनं. इतकी वर्षं मी समोरून काढलेला तक्ता धरून उभी होते. समोरून सगळ्याच वाटा सरळ दिसतात.

"मामी, आरसा दे."

गोणपाटाखालून कुंकवाचा लहान आरसा आत आला. मी पाहिलं. तेवढंच सांगते, पाहिलं. भिण्यासारखं काही नव्हतं, लाजण्यासारखंही नव्हतं. कानामागची जागा आपण कधी बघत नाही, तशी एक जागा, माझीच. हात पुन्हा साबणानं धुतले, एक पाय उपड्या बादलीवर ठेवला, श्वास सोडला आणि नवा टॅम्पॉन पाठीच्या दिशेनं, बोटानं, हळू सरकवला. बोट पुरेसं आत गेलं आणि एकदम काहीच जाणवेनासं झालं. मी वाट बघत राहिले, दुखेल म्हणून. दुखलं नाही. दोरा तेवढा बाहेर. मी उड्या मारल्या. न्हाणीत, कुडाच्या भिंतींमध्ये, चिखलानं बरबटलेल्या पायांनी.

"पडली का काय?" मामी ओरडली.

"गेला!"

"आगं बया, मग बोंबल की हळू!"

आज मी मुलींशी बोलते, कधी शाळेत, कधी बचत गटात. टॅम्पॉन म्हणजे क्रांती असं मी म्हणत नाही. कंपनी कापूस विकते, मुक्ती विकत नाही. ज्यांना कापड बरं वाटतं त्यांनी कापड वापरावं, फक्त ते उन्हात वाळवायची मोकळीक मिळवावी. ज्यांना आत काही घालायचं नाही, त्यांनी घालू नये. पण ज्यांना हवं आहे त्यांना नीट सांगते. सगळ्यात लहान आकारापासून सुरुवात करा. रक्त येत असेल तेव्हाच घाला, कोरड्या जागी ओढतो. हात धुतल्याशिवाय नाही. चार-सहा तासांनी बदला, आठांच्या पुढे कधीच ठेवू नका. ताप आला, उलटी झाली, अंगावर पुरळ उठलं तर काढा आणि दवाखाना गाठा. खाचरात उतरणार असाल तर वर आलात की बदला. आणि मागे, पाठीच्या दिशेनं. हे शेवटचं मी दोनदा सांगते. एखादी मुलगी मान खाली घालून विचारतेच, ताई, ह्यानं ते जातं का? कौमार्य म्हणायला तिची जीभ रेटत नाही. मी म्हणते, जी गोष्ट कुठल्याच डॉक्टरला तपासून सांगता येत नाही, ती जाईल कशी? तो पडदा कुणाचा ताणतो, कुणाचा सायकलवर फाटतो, कुणाला जन्मापासून नसतो. तुझी किंमत कातड्याच्या पापुद्र्यात ठेवणाऱ्या घरात जाऊ नकोस. मुली हसतात. मी हसत नाही.

पण त्या वर्षी, ठकूमावशीसमोर, माझ्याकडे ही सगळी वाक्यं असून मला ती गिळावी लागली.

दुसऱ्या दिवशी ओळ ठकूमावशीच्या खाचरात होती. सकाळपासून मी पुढच्यांच्या बरोबरीनं मागे सरकत होते. पाण्यात, पावसात, पाळीच्या सगळ्यात जड दिवशी, आणि मला पाळी आहे हे मी विसरत होते. असं विसरणं मला माहीतच नव्हतं. पुरुष रोज असेच जगत असतील, असं मनात आलं आणि थोडा राग आला. दुपारी जेवायला बांधावर आलो. आता बदलायला हवा होता. आणि मी हात पाहिले. कोपरापर्यंत चिखल, नखांत काळा चिखल, ओढ्याचं पाणी मातीनं लाल. कागदावर लिहिलं होतं, स्वच्छ हात. लिहिणाऱ्यानं खाचर पाहिलं नसावं.

मामी आली. डाव्या हातात कॅन, त्यात उकळून कोमट केलेलं पाणी. ओच्यात साबण. तिनं हे मला न विचारता आणलं होतं. ती पाणी ओतत राहिली आणि मी नखं घासत राहिले.

"एवढं काय घासती गं?" ठकूमावशीनं विचारलं. "हळद लागायचीय का आज?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. आडोसा कुठेच नव्हता. लांबपर्यंत खाचरंच खाचरं आणि बांध. मामीचं तोंड उतरलेलं मला दिसलं. उद्या तिच्या खाचराची पाळी होती. खोटं बोलता आलं असतं, पण खोटं बोलून बदलायचं कुठे? मी सरळ सांगितलं. पाळी आहे, आत कापसाची वात घातली आहे, ती बदलायची आहे.

इरल्यांवर पाऊस वाजत राहिला. रोहिणी, ठकूमावशीची सून, माझ्याहून थोडीच मोठी, तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "दुखत न्हाई?"

"नीट बसली की कळतसुद्धा नाही."

"तू गप," ठकूमावशी तिला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "लगीन व्हायच्या आदी असलं? उद्या सासरी काय सांगशील?"

माझ्या तोंडात अख्खं पत्रक आलं, पाठपोट छापलेलं. मामी माझ्याकडे बघत होती. मी ते गिळलं. "मावशी, मला ओळ सोडायची नाही," एवढंच म्हणाले.

तिनं माझ्या मांड्यांना चिकटलेल्या सलवारीकडे पाहिलं, मग उरलेल्या खाचराकडे, मग आभाळाकडे. "मग हुबी काय ऱ्हायलीस? पाऊस थांबायचाय का तुझ्यासाठी?" असं म्हणून तिनं डोक्यावरचं इरलं काढलं आणि काठावर उभं टेकवलं, तोंड बाहेर, पाठ माझ्याकडे. "पाठी करा गं सगळ्या." एकेक इरलं उभं राहिलं. मी मध्ये उकिडवी बसले. पानांच्या भिंतीपलीकडे त्या डोक्यावर पाऊस घेत उभ्या होत्या आणि मिरगातल्या कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाची उणीदुणी काढत होत्या. हे माझ्यासाठी होतं की भातासाठी, मी आजही ठरवू शकत नाही. पण पाठी माझ्याकडे होत्या आणि कुणी वळून पाहिलं नाही.

दुसरा दिवस उजाडला. सगळी ओळ मामीच्या खाचरात उतरली, एकही कमी नाही. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या काडीपर्यंत चिखलात होते. मामी बांधावरून, प्लास्टरचा हात सांभाळत, कुठे विरळ झालं ते ओरडून सांगत होती आणि मध्येच स्वतःशीच हसत होती. संध्याकाळी खाचर हिरव्या ठिपक्यांनी भरलं. पाण्यात आभाळ आणि आभाळात रोप.

घरी पडवीत बायका कोरा चहा प्यायला बसल्या. ठकूमावशीनं बशी खाली ठेवली आणि म्होरकी म्हणून दरवर्षी सांगते तसं सांगितलं, "झाली गं आवणी. आता इटाळ पाळायचा." मग माझ्याकडे बघून, "तू आता इथंच पडवीत बस. चुलीकडं जाऊ नकु."

मी वाट बघत होते. मामीचं खाचर पुरं झालं होतं, आता माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं. "मावशी, काल तुम्ही इरलं धरलंत तेव्हा हेच रक्त होतं. तुमच्या खाचरात उतरलं, तुमच्या भातात गेलं. तो भात तुम्ही देवाला दाखवणार. मग चुलीनं काय पाप केलंय?"

"ती आवणी व्हती."

"मग आवणीला जे चालतं ते बाईला चालू द्या! भातासाठी आम्ही शुद्ध आणि स्वतःसाठी अशुद्ध, हे मी नाही ऐकणार."

 रोहिणी चहाच्या पेल्यात बघत होती. मामा अंगणात बैलांचे पाय धूत होता, त्यानं हात थांबवला. आता बोलायचं होतं ते चूल जिची होती तिनं.

मामी उठली आणि मला घेऊन आत चुलीपाशी गेली. डाव्या हातानं परात ओढली, नाचणीचं पीठ काढलं आणि परात माझ्यापुढे सरकवली. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "ठकूबाय, आज जेवूनच जावा. पोरगी भाकरी करती."

ठकूमावशी माझ्याकडे नाही, मामीकडे बघत राहिली. मी पिठात गरम पाणी ओतलं आणि मळायला घेतलं. बायका एकेक करून पायरीवरची आपापली इरली चाचपू लागल्या. रोहिणी तेवढी हलली नाही.

ठकूमावशीनं भिंतीला टेकून पाय पसरले.

"माझी जरा मऊ थाप," ती म्हणाली. "मला दात ऱ्हायले न्हाईत."